खरं सांग, कसं झालंय?

२०१८च्या जानेवारीत एका रविवारी माझ्या मित्राने आम्हा आठ-नऊ जणांना घरी जेवायला बोलावलं. डिलाईल रोडवरची चाळ, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली. चार जण आत बसले, बाकीचे बाहेर गॅलरीत चटईवर. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, मटणाचा रस्सा, शेवटी सोलकढी. वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या, मित्र वाढत होता. वाढताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचा आणि विचारायचा, "कसं झालंय?" सगळे माना डोलवत होते. पंगत उठल्यावर तो हात पुसत माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "खरं सांग, कसं झालंय?"

मी म्हणालो, "एक नंबर. असं जेवण लोअर परळमध्ये शोधून मिळणार नाही."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. रस्सा खरोखर उत्तम होता. पण तो रश्श्याबद्दल विचारत नव्हता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तो बावीस वर्षं एका छापखान्यात मशीनवर होता. छापखाना भिवंडीला गेला, तेव्हा याने हिशेब घेतला. हातात सहा लाख रुपये आले. त्या पैशांत मागच्या गल्लीतला एक गाळा भाड्याने घ्यायचा, सहा टेबलं टाकायची आणि ऑफिसवाल्यांसाठी घरगुती थाळी सुरू करायची, असं त्याने ठरवलं होतं. थाळी १६० रुपयांची. गणित त्याने एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे मांडलं होतं. "या टॉवरांत मिळून किती हजार माणसं असतील? शंभरात एक आला तरी बसायला जागा पुरणार नाही."

मी त्यातल्याच एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर हिशेबाच्या खात्यात काम करतो. त्या शंभरातल्या नव्याण्णवांचं काय होतं ते मी रोज बघत होतो. एक वाजता आमच्या मजल्यावर डबे उघडतात. ज्याला घरचं जेवण हवं असतं, त्याच्या बॅगेत ते आधीच असतं. बाहेर जेवायला जातात ते पगार झाल्यावरच्या आठवड्यात, आणि तेव्हा त्यांना भाकरी नको असते, गार हवा आणि फोटो काढण्यासारखं काहीतरी हवं असतं. रोज बाहेर खाणारे गरीब असतात, हाताखालची पोरं, ती साठ-सत्तर रुपयांच्या वर जात नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लिफ्ट. जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची. एकच्या गर्दीत खाली उतरायला दहा मिनिटं, वर जायला दहा. उरली वीस. त्यात फाटकातून बाहेर पडून, रस्ता ओलांडून, मागच्या गल्लीत जाऊन, गरम भाकरीची वाट बघून जेवणार कोण?

हे सगळं मला भाकरीचा तुकडा मोडता मोडता कळलं होतं. मी ते बोललो नाही.

नरो वा कुंजरो वा

महाभारतात युधिष्ठिराने एकदाच असं वाक्य उच्चारलं, जे अक्षरशः खरं होतं आणि तरी खोटं होतं. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता. द्रोणाचार्य हत्तीबद्दल विचारत नव्हते, मुलाबद्दल विचारत होते. शस्त्र ठेवायचं की नाही, हे त्या उत्तरावर ठरणार होतं. आणि त्यांनी युधिष्ठिरालाच विचारलं, कारण तो खोटं बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. कथा असं सांगते की त्या क्षणापर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला.

धंद्याची कल्पना घेऊन येणाऱ्या माणसाला आपण बहुतेक वेळा असंच उत्तर देतो. "कल्पना छान आहे." "लोकांना याची गरज आहे." "तुझ्या हाताला चव आहेच." यातलं प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे खरं असू शकतं. विचारलेला प्रश्न मात्र वेगळा असतो. मी माझी पुंजी यात घालू का, असं तो विचारत असतो. आपण हत्तीबद्दल बोलून मोकळे होतो.

मी का बोललो नाही, याची कारणं नंतर मी स्वतःला पुष्कळ दिली. आत वहिनी ऐकत होत्या. नुकतंच त्यांच्या घरचं मीठ खाल्लं होतं. नोकरी गेलेल्या माणसाला महिन्याचा पगार घेणाऱ्याने शहाणपण शिकवायचं, हे मला शोभलं नसतं. ही कारणं खोटी नाहीत, पण खरं कारण आणखी एक होतं. मी "हे चालणार नाही" म्हणालो असतो, तर त्याने विचारलं असतं, "मग मी काय करू?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वाईट बातमी सांगणाऱ्याच्या गळ्यात पुढची जबाबदारी पडते, निदान आपल्याला तसं वाटतं. गोड बोलणाऱ्याला उठून घरी जाता येतं. मी घरी गेलो आणि दुपारी झोपलो.

पाडव्याला त्याने गाळा उघडला. नारळ मीच फोडला. पहिला आठवडा ओळखीची माणसं आली, सहाही टेबलं भरली. दुसऱ्या महिन्यात दुपारी दोन टेबलं भरायची. जुलैमध्ये अंधेरीला गोखले पुलाचा भाग कोसळला, मग मुंबईतल्या पुलांची तपासणी झाली आणि त्याच महिन्यात आमचा डिलाईल रोडचा पूल धोकादायक म्हणून बंद झाला. स्टेशनच्या बाजूची सगळी वहिवाट बदलली. डिसेंबरमध्ये मित्राने गाळा सोडला.

पूल बंद झाला म्हणून धंदा बुडाला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. तो पूल आम्हा सगळ्यांच्या कामी आला. पण पूल बंद व्हायच्या आधीच तिथे दोन टेबलं भरत होती, हे मला माहीत होतं, कारण शेवटचे दोन महिने त्याची वही मीच लिहीत होतो.

ताटात काय उरलं

यानंतर मला सारखी माझ्या आईची आठवण यायला लागली. ती खानावळ चालवायची.

गिरणगावातल्या खानावळी ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सांगलीकडून माणसं गिरणीत यायची. बायकामुलं गावी. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायची आणि जेवायला एखाद्या बाईकडे महिना बांधायची. महिनाअखेर पगार झाला की पैसे द्यायची. आईकडे बारा जण जेवायला होते. तिन्ही पाळ्यांचे, म्हणजे आमच्या घरात चूल अशी पूर्ण कधी विझायचीच नाही.

आईने त्या बारांपैकी कोणालाही "जेवण कसं झालंय?" असं विचारलेलं मला आठवत नाही. ती ताटं उचलताना बघायची. आमटी वाटीत उरली की नाही. भात मागून घेतला की वाढलेलाही टाकला. कोण पाणी जास्त प्यायला. एकदा मी तिला विचारलं होतं, तू त्यांना विचारत का नाहीस? ती म्हणाली, "विचारलं तर ते चांगलंच म्हणतील. बाईमाणसासमोर कोण वाईट म्हणेल? आणि म्हटलंच तर उद्या तोंड कसं दाखवतील?" म्हणजे तिला ताटातून जे कळायचं, ते तिला लोकांच्या तोंडून काढायचं नव्हतं. त्यांना अडचणीत टाकायचं नव्हतं.

२०१३ साली रॉब फिट्झपॅट्रिक नावाच्या माणसाचं 'द मॉम टेस्ट' नावाचं पुस्तक आलं. नवा धंदा काढणाऱ्या मुलांमध्ये ते बरंच वाचलं जातं. सांगणं साधं आहे. आपली कल्पना चांगली आहे का, असं आईला विचारू नका, ती प्रेमापोटी हो म्हणेल. खरं तर कोणालाच तसं विचारू नका. त्याऐवजी लोक आत्ता काय करतात, काल काय केलं, त्यावर किती खर्च केला, ते विचारा. मी ते वाचलं तेव्हा हसू आलं. पुस्तकातली आई खोटं बोलते. माझ्या आईने हेच तत्त्व पितळेच्या ताटांवर चालवलं होतं.

पण ताटंसुद्धा सगळं सांगत नाहीत, हे तिला कळलं ते १९८२ मध्ये. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आईकडची ताटं पहिल्या महिन्यात रिकामी होऊन परत येत होती, दुसऱ्या महिन्यातही. जेवण उत्तमच होतं, पैसे मात्र कोणाकडे नव्हते. मग एकेक जण गावी गेला. तिची उधारीची वही अजून माझ्याकडे आहे. जेवण आवडणं आणि जेवणाचे पैसे देता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वहीत लिहिलेलं आहे. मित्राने रविवारी मला विचारलं, तेव्हा ती वही माझ्या कपाटात होती.

या बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्यांच्या हाताची तारीफ सगळं गिरणगाव करायचं. वाण्याकडे आणि सावकाराकडे मात्र त्यांना जबर व्याज भरावं लागायचं. बँकेत त्यांना उभं करणारं कोणी नव्हतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर स्तुतीचा त्या बायकांना व्यवहारात काडीचा उपयोग झाला नव्हता. स्तुती करणाऱ्याचं काहीच जात नाही. म्हणून धंद्याच्या बाबतीत स्तुती हा फार स्वस्त जबाब आहे.

ऐंशी रुपये आणि एक सल्ला

मग महाग जबाब कोणता? याचं चांगलं उदाहरण आमच्यापासून फार लांब नाही, गिरगावात आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. तोट्यात चाललेला एक पापडाचा धंदा त्यांनी विकत घेतला होता. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला गेली. लिज्जत पापडाची ही सुरुवात बहुतेकांना माहीत असते. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो.

या बायका सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करत होत्या. एक चांगला, दुसरा जरा हलका आणि स्वस्त. कोणीही म्हणेल की व्यवहारी विचार आहे, गरीब गिऱ्हाईकही मिळेल. छगनबाप्पांनी त्यांना सांगितलं की एकच प्रत करा, ती उत्तम करा आणि दर्जाशी कधी तडजोड करू नका. हिशेब नीट ठेवा, हा धंदा आहे असं समजून चालवा, हेही सांगितलं. नव्या उत्साहात असलेल्या बायकांना हे ऐकायला गोड लागलं असेल असं नाही. पण सांगणाऱ्याने आधी ८० रुपये दिले होते. त्याचं काहीतरी त्यात अडकलं होतं. आणि आणखी महत्त्वाचं म्हणजे, "हे करू नका" एवढंच सांगून तो थांबला नाही, काय करा तेही सांगितलं. मी रविवारी ज्या प्रश्नाला घाबरलो होतो, "मग मी काय करू?", त्या प्रश्नापाशी तो माणूस उभा राहिला.

त्या बायकांनीही एक गोष्ट ठरवली होती. तोटा झाला तरी कोणाकडे देणगी किंवा मदत मागायची नाही. हा स्वाभिमानाचा मुद्दा म्हणून सांगितला जातो, तो आहेच. पण मला त्यात सत्य कळून घ्यायची एक युक्तीही दिसते. देणगीचा रुपया आणि विक्रीचा रुपया गल्ल्यात सारखेच दिसतात. गल्ला भरलेला दिसतो आणि पापड लोकांना हवाय की आपली दया येतेय, ते कळेनासं होतं. माझ्या मित्राच्या पहिल्या आठवड्यातली सहा भरलेली टेबलं म्हणजे देणगीच होती. आम्ही सगळे जेवायला गेलो, नीट पैसे दिले आणि त्याची दिशाभूल केली.

लिज्जतला आणखी एक परीक्षक भेटला, तो म्हणजे पाऊस. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाला भीड नव्हती. माणसांनी भीड ठेवली की ते काम पावसावर पडतं, बाजारावर पडतं, आणि त्यांची शिकवणी महाग असते.

आमच्या परळमधलंच दुसरं उदाहरण विकोचं. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये इथे राहत्या घरात आयुर्वेदिक दंतमंजन करायला सुरुवात केली आणि ते दारोदार जाऊन विकलं. आता दारोदार विकणं हा गरिबीचा मार्ग वाटतो. पण विचार करा, दार उघडणारी बाई तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या आईला ओळखत नाही, तुमचं मीठ तिने खाल्लेलं नाही. ती "नको" म्हणते आणि दार लावते. तिला वाईट वाटत नाही आणि संध्याकाळी तुम्हाला तोंड दाखवायचं नसतं. खरं बोलणं तिला फुकट पडतं. माझ्या मित्राने माझ्याकडे जे मागितलं, ते देणं मला महाग होतं. चौदाव्या मजल्यावरच्या कोणाही अनोळखी माणसाने ते त्याला सहज दिलं असतं.

प्रामाणिक आणि चूक

इथे कोणी म्हणेल, खरं बोलायलाच हवं हे ठीक, पण खरं म्हणजे काय? तू कोण ठरवणारा? हा आक्षेप मला सोडून देता येत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांना मनापासून खरं ते सांगितलं. लोखंडाने जमिनीत विष उतरेल, पीक येणार नाही. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. ते शेतकरी काही गोड बोलत नव्हते, भीड धरत नव्हते. पूर्ण प्रामाणिक होते आणि पूर्ण चूक होते. लक्ष्मणरावांनी त्यांचं ऐकून नांगराचा नाद सोडला असता, तर पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली नसती.

म्हणजे माझं "हे चालणार नाही" हेही चुकीचं ठरू शकलं असतं. कदाचित मित्राने डबे पोचवायला सुरुवात केली असती, कदाचित रात्रपाळीच्या कॉल सेंटरवाल्यांना धरलं असतं. मला काय माहीत? या विचाराने मी बरेच दिवस स्वतःला सोडवून घेतलं. भविष्य कोणालाच कळत नाही, मग मी बोललो नाही यात माझं काय चुकलं?

पण हा पळ आहे. भविष्य मला माहीत नव्हतं, लिफ्ट माहीत होती. चाळीस मिनिटं माहीत होती. एक वाजता किती डबे उघडतात ते माहीत होतं. तो कधी टॉवरमध्ये कामाला गेला नव्हता, त्याला हे कळायचा दुसरा रस्ता नव्हता. मत देणं आणि माहिती देणं यात फरक आहे. मत चुकू शकतं, म्हणून ते राखून ठेवलं तर नम्रपणा म्हणता येईल. माहिती राखून ठेवणं हा नम्रपणा नव्हे. शेतकऱ्यांनी लक्ष्मणरावांना "आमची जमीन अशी आहे, आमचे बैल एवढे ओढतात, नांगराचा फाळ इथे झिजतो" असं सांगितलं असतं, तर ते प्रत्येक वाक्य सोन्याचं होतं. "विष उतरेल" हा निकाल होता. निकाल द्यायचा अधिकार माझा नव्हता, पण साक्ष देणं माझं काम होतं.

साक्षीदाराने निकाल देऊ नये आणि साक्ष लपवू नये. मित्राला मी एवढंच म्हणू शकलो असतो, "एकदा एक वाजता आमच्या टॉवरखाली ये. आपण दोघं उभे राहू आणि किती माणसं बाहेर पडतात ते मोजू." यात त्याचा अपमान नव्हता, वहिनींचा नव्हता, रश्श्याचाही नव्हता.

विचारणाऱ्याचं काय?

दोष सगळा माझा नव्हता, असं म्हणायचा मोह होतो, आणि त्यात तथ्यही आहे. रामायणात रावण मारीचाकडे जातो, सीतेला पळवायचा बेत सांगतो. मारीच त्याला स्पष्ट सांगतो की हे करू नकोस, कुळाचा नाश होईल. मऊ बोलणारे पुष्कळ भेटतात, कडू पण हिताचं सांगणारा दुर्मिळ आणि ते ऐकून घेणाराही दुर्मिळ, असंही तो म्हणतो. हेच महाभारतात विदुर धृतराष्ट्राला सांगतो. रावणाचं उत्तर काय? ऐकलं नाहीस तर तुला मारीन. त्यानंतर मारीच हरीण होतो.

आपल्याकडे मारीच पुष्कळ आहेत. खरं सांगून एकदा दुखावले गेलेले आणि मग मुकाट्याने हरीण झालेले. "निगेटिव्ह बोलू नकोस", "तुझा पाठिंबाच नाही", "मराठी माणूस मराठी माणसाचे पाय ओढतो", ही आपली शस्त्रं आहेत. जो विचारतो, त्याने नकार सांगण्याची किंमत कमी करून ठेवायला हवी. लग्नपत्रिकेवर गणित मांडून, गाळ्याचं डिपॉझिट भरून, बायकोला चुलीपुढे बसवून, पोटभर जेवायला घालून मग "खरं सांग" म्हणणं म्हणजे दार लावून घेऊन बाहेर जायला सांगण्यासारखं आहे.

हे मी बरेच दिवस मानत होतो. मित्राने प्रश्न चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी विचारला, असं.

२०२३च्या नोव्हेंबरात डिलाईल रोडचा नवा पूल पूर्ण सुरू झाला. पाच वर्षांनी. संध्याकाळी आम्ही दोघं मुद्दाम त्यावरून चालायला गेलो. मित्र आता एका कंपनीच्या कँटीनवर देखरेखीला आहे, बरं चाललंय. मध्यावर तो थांबला, कठड्याला टेकला. खाली लोकल जात होती.

"पूल असता तर चाललं असतं, असं सगळे म्हणतात," तो म्हणाला. "तुला तेव्हाच माहीत होतं ना, चालणार नाही?"

मी "हो" म्हणालो. मग लिफ्टचं सांगितलं, चाळीस मिनिटांचं सांगितलं. पाच वर्षं दहा महिने उशिरा.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लिफ्टचं मला माहीत नव्हतं. पण काहीतरी चुकतंय हे माहीत होतं. झोप लागायची नाही. बाकीच्यांना मी नुसतं 'कसं झालंय' विचारलं. तुलाच 'खरं सांग' म्हणालो."

त्याचं माझ्यावर रागावणं मी सहन केलं असतं. तो रागावला नाही, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. त्याला माहितीच हवी होती असं नाही. त्याला शंका होती आणि ती एकट्याने उच्चारायचं बळ नव्हतं. दुसऱ्या कोणी पहिला शब्द काढला असता तर तो थांबू शकला असता, वहिनींना म्हणू शकला असता की "अगं, हाही असं म्हणतोय". त्याने माझ्याकडे आधार मागितला होता आणि मी कौतुक दिलं. ज्याला मी भीड म्हणत होतो, मीठ म्हणत होतो, त्याचा अर्थ त्या पंगतीत मी त्याला एकटं सोडलं, एवढाच होतो.

तो म्हणाला, "चल, चहा घेऊ." आम्ही चहा घेतला.

तीन

गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या मुलीने नाचणीची बिस्किटं करायला घेतली. सुंदर डब्या, वर तिने स्वतः काढलेलं चित्र. एका रविवारी घरी आली, डबी पुढे ठेवली आणि म्हणाली, "मामा, खरं सांग हं."

मी एक खाल्लं. चांगलं होतं. तोंडावर "एक नंबर" आलं होतं. मी तिला म्हटलं, "बिस्किट मला आवडलं. पण मी तुझा मामा आहे, माझं काही खरं धरू नकोस. बारा डब्या दे. ऑफिसच्या पँट्रीत ठेवतो. वर किंमत लिही, बाजूला पैशाचा डबा ठेवू. तुझी आहेत हे कोणाला सांगणार नाही."

ती जरा हिरमुसली. तिला मामा हवा होता, पँट्री नको होती. तरी तिने बारा डब्या दिल्या.

सोमवारी ठेवल्या. मी येताजाता बघायचो, आई ताटं बघायची तसा. दोनदा वाटलं की आपणच चार घ्याव्यात, पोरीला बरं वाटेल. नाही घेतल्या. शुक्रवारी संध्याकाळी मोजल्या आणि तिला फोन केला.

"तीन गेल्या," मी म्हणालो.

पलीकडे काही आवाज नाही. मला २०१८चा तो रविवार आठवला आणि वाटलं, काहीतरी गोड बोलावं, पहिला आठवडा आहे, सुट्टी होती, लोकांचं लक्ष गेलं नसेल. मी गप्प बसलो, पण फोन ठेवला नाही.

मग ती म्हणाली, "मामा, त्या तीन कोणी घेतल्या?"

मला ते माहीत नव्हतं. सोमवारी विचारून सांगतो म्हटलं.